दोनशे चौदा अंश

"अँथ्रासीन," माझ्या टेबलावर बीकर ठेवता ठेवता हणमंतमामा पुटपुटला. "समद्यायला तेच हाय."

मी मान हलवली. सव्वानऊ वाजले होते. बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाची, सेंद्रिय रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा होती. वेळ चार तास. माझा पेपर त्या एका पुटपुटण्यात संपला होता.

अशा परीक्षेत प्रत्येकाला एक छोटी बाटली मिळते. आत पांढरी पूड, वर नुसता नंबर. पूड कसली ते शोधायचं. आधी चिमूटभर जाळून बघायची. काजळीचा काळा धूर निघाला तर आत बेन्झीनसारखी कडी आहे असं समजायचं. मग केसासारख्या बारीक काचनळीत पूड भरायची, ती नळी दोऱ्याने थर्मामीटरला बांधायची, दोन्ही तेलात बुडवायची आणि खालून बर्नर लावायचा. पारा चढत जातो. पूड ज्या क्षणी वितळते तो आकडा वहीत लिहायचा. शेवटी पिक्रिक आम्लाबरोबर तिचे रंगीत स्फटिक करायचे, आणि एवढं सगळं झाल्यावर पुडीचं नाव लिहायचं.

आमच्या कॉलेजात हे उलट्या बाजूने चालायचं. नाव आधी मिळायचं, हणमंतमामाकडून. तो प्रयोगशाळेचा शिपाई. आदल्या संध्याकाळी बाटल्या भरायचं काम त्याचं, आणि पोरं नापास झाली तर कॉलेजची इज्जत जाते अशी त्याची प्रामाणिक समजूत. नाव कळलं की पुस्तक आठवायचं. पुस्तकातला आकडा जसाच्या तसा लिहिला तर संशय येतो, म्हणून त्यातून दोन कमी करायचे. 'दोन वजा.' सिनियर पोरं नव्या पोरांना संडास कुठे आहे हे सांगायच्या आधी हे सांगायची. त्या कॉलेजची परंपरा म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती.

अँथ्रासीन पुस्तकात दोनशे सोळाला वितळतं. मी नऊ वाजून वीस मिनिटांनी दोनशे चौदा लिहिलं, स्फटिकांच्या रंगापुढे 'लाल' लिहिलं आणि उरलेले पावणेचार तास काम केल्यासारखं कसं दिसायचं याचा विचार करत बसलो.

त्या कॉलेजबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, जास्त शब्दांची त्याची लायकी नव्हती. लातूरच्या पुढे, फाट्यापासून दीड किलोमीटर आत, माळावर एक लांबुळकी इमारत होती. खाली डी.एड., वर आम्ही. ग्रंथालयाला कुलूप आणि कुलपाला गंज. मी नाशिकचा. तीन मार्कांनी सरकारी कॉलेज हुकलं आणि या माळावर येऊन पडलो, त्यामुळे इथली प्रत्येक गोष्ट मला माझ्या अपमानासारखी वाटायची. सिलिंग फॅनसुद्धा मला मुद्दाम कुरकुरतो असं वाटे. तिसऱ्या वर्षाला पुण्याला बदली मिळवायची, हा एकच विचार डोक्यात होता. त्यासाठी पहिला नंबर हवा होता, आणि त्या अठरा जणांत पहिला येणं म्हणजे गाढवांच्या शर्यतीत घोडा येण्यासारखं होतं. असं मी आईला पत्रात लिहिलं होतं. आईला ते आवडलं नाही.

बिराजदार सर आम्हाला सेंद्रिय रसायन शिकवायचे, म्हणजे पिवळी पडलेली वही उघडून वाचून दाखवायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशाला कायम निळा डाग असायचा. नॅफ्थॅलीन शिकवताना ते म्हणाले, "लिहून घ्या. हीच डांबराची गोळी. दोन षट्कोन, मधली बाजू एकच. दोन घरांची सामाईक भिंत कशी असती, तसं."

मागून एक जाडसर आवाज आला. "सर, मंग त्या भितीचं माप दुसऱ्या भितींएवढंच असतंय का? का तिच्यावर दोन्हीकडचा भार येतोय?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. सर वहीत बघत म्हणाले, "टोम्पे, ते परीक्षेला येत नाही."

हा ज्ञानोबा टोम्पे. वय सत्तावीस. डी. फार्म करून औशाला एका मेडिकल दुकानात सात वर्षं काउंटरवर उभा राहिलेला. लग्न झालेलं, चार वर्षांची मुलगी. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तसा तो आला आणि सेंद्रिय रसायनात आपटला. यंदा पुन्हा बसला होता, आणि हा शेवटचा मोका होता. या वेळी विषय निघाला नाही तर प्रवेशच रद्द, मग जन्मभर काउंटर. पोरं त्याला 'टोम्पेदादा' म्हणायची. मी एकटा 'टोम्पे' म्हणायचो. नापास माणसाला दादा कशाला म्हणायचं?

कच्च्या पोराला हुशार पोराच्या टेबलाला बसवायचं, ही बिराजदार सरांची अध्यापनातली एकमेव कल्पना. त्यामुळे वर्षभर टोम्पे माझ्या वाट्याला आला. त्याच्या शर्टाला दुकानातल्यासारखा कापराचा आणि टिंक्चरचा वास यायचा. षट्कोन काढायला त्याला अर्धं मिनिट लागायचं, आणि काढला की तो त्याच्याकडे बघत बसायचा.

"चांदोरकर," एकदा त्याने विचारलं, "सायक्लोहेक्झेनची कडी कागदावर सपाट हाय. पण सपाट असली तर कोपरे ताणत्यात. मग ती ऱ्हाती कशी?"

"खुर्चीच्या आकारात राहते. पुस्तकात आकृती आहे. पाठ कर."

"पाठ हाय. दिसंना मला."

त्या रात्री मेसमध्ये त्याने पोळ्यावाल्या मावशींकडून कणकेचा गोळा मागून घेतला. सहा गोळ्या वळल्या, खराट्याच्या सहा काड्या मोडल्या आणि सगळं जोडून तो ते फिरवून बघत बसला. एक टोक वर, एक टोक खाली, मधली चार सरळ. त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला मुलगा झाला. "अरे, ही बसलीय की आरामात! कुठंच ताण न्हाई!" पोरं जमली. मी म्हणालो, "मावशी, कणीक परत घ्या, नाहीतर टोम्पे तिची परीक्षाही दोनदा देईल." सगळे खदाखदा हसले. टोम्पेही हसला. तो माझ्या विनोदांना नेहमी हसायचा, त्यामुळे त्याच्याबद्दलचं माझं मत आणखी खाली जायचं.

एक गोष्ट मात्र त्याला छान जमायची. काचेची नळी बर्नरवर मऊ करून, दोन्ही हातांनी झटक्यात ओढून तो केसासारख्या नळ्या काढायचा. एकसारख्या, सरळ, एका टोकाला नीट बंद. आगपेटीच्या एका डबीत कापसावर रचून ठेवायचा. मी वर्षभर त्याच्याच नळ्या वापरल्या. म्हणजे ज्या दोन-तीन वेळा मी खरोखर काही मोजलं तेव्हा.

"हे सगळं कशाला करतोस?" मी त्याला एकदा विचारलं होतं. "डिप्लोमा आहे, दुकान चालतंय. बस की गप."

त्याने हातातली नळी डबीत ठेवली. मग म्हणाला, "दुकानात एक बाई मुलाला घेऊन आली होती. ताप उतरंना म्हणून. पंधरा दिवस आमचीच गोळी देऊलाली होती. मालक म्हणला, गोळी चांगली हाय, पोरगंच अशक्त हाय. मी खोक्यावरचं नाव वाचून देतो रे गोळी. आत काय हाय ते मला कुठं ठाव? आत खरंच काय हाय ते बघणारा कुणीतरी असतोय ना? मला ते काम करायचंय."

"त्याला केमिस्ट म्हणतात," मी म्हणालो. "आणि त्यांना षट्कोन पटकन काढता येतो."

तर परीक्षा.

दरवर्षी बाहेरून येणारा परीक्षक आदल्या दिवशी यायचा, बिराजदार सरांच्या घरी जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सही करून परत जायचा. या वर्षी डॉ. वाकणकर नावाच्या बाई आल्या, त्याही परीक्षेच्याच दिवशी, पहाटेच्या एसटीने. सडपातळ, पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी. सरांनी पोहे मागवले तर म्हणाल्या, "मी डबा आणलाय." त्यांच्या त्या एका वाक्याने सरांच्या खिशावरचा डाग मोठा झाल्यासारखा वाटला.

साडेअकराच्या सुमारास टोम्पे माझ्याकडे किंचित झुकला.

"चांदोरकर, माझी पूड नव्याण्णवलाच वितळूलालीय."

"काय?"

"तीनदा बघितलो. तिन्ही बारी नव्याण्णव."

"पूड ओली असेल."

"वाळवलो की. आणि स्फटिक बी पिवळे आलेत. अँथ्रासीनचे लाल येत्यात ना?"

अख्ख्या वर्गात त्या दिवशी हा एकच बर्नर जळत होता. उरलेली टेबलं देवळातल्या न पेटवलेल्या समयांसारखी मांडलेली, स्वच्छ आणि थंड. त्याच्या कपाळावर घाम होता आणि मला त्या घामाचा राग आला. याला आयतं नाव मिळालं, आकडा मिळाला, तरी हा माणूस मोजत बसलाय.

"हे बघ," मी दातांतून म्हणालो, "ते अँथ्रासीन आहे. मामाने स्वतः भरलंय. दोनशे सोळा, दोन वजा. लिही."

"पण ह्यो थर्मामीटरच..."

"टोम्पे, तुला पास व्हायचंय का नाही?"

"व्हायचंय की."

"मग आपल्या डोळ्यांवर नको जाऊस. तुझे डोळे खोक्यांवरची नावं वाचायला ठीक आहेत. हे वेगळं काम आहे. खोड ते."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती नजर होती पोरगं मास्तरकडे बघतं तशी. त्याने पट्टी घेतली, नव्याण्णववर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी दोनशे चौदा लिहिलं. पिवळ्याचं लाल केलं. बिराजदार सरांच्या वहीत एक वाक्य होतं: निरीक्षण खोडायचं तर एकाच रेघेने, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे. आमच्यापैकी कुणी ते वाक्य ऐकलंसुद्धा नव्हतं. हा पठ्ठ्या ते पाळत होता.

बारा वाजता बाई फिरायला लागल्या. पहिलं टेबल माझं.

"दोनशे चौदा," त्यांनी वही वाचली. "पारा चढायला किती वेळ लागला?"

"वीस-पंचवीस मिनिटं, मॅडम."

"तेलाचा धूर झाला असेल."

"थोडासा झाला."

"थर्मामीटर द्या."

मी दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरून पाहिला आणि मलाच परत दिला. "वरचा शेवटचा आकडा मोठ्याने वाचा."

मी पाहिलं. वर्षभर तो थर्मामीटर माझ्या टेबलावर होता आणि मी त्याचं टोक कधी पाहिलं नव्हतं. मोठे थर्मामीटर फुटले होते, उरलेले दोन सरांच्या कपाटात कुलपात होते, आणि आम्हाला वाटलेले सगळे पाणी उकळण्यापुरते होते.

"एकशेदहा," मी म्हणालो.

"उरलेले एकशेचार अंश कुठे मोजलेत?"

बाईंनी अठराही वह्या गोळा केल्या आणि एकेक उघडत गेल्या. दोनशे चौदा, दोनशे चौदा, दोनशे चौदा. एकाने स्वतंत्र बुद्धीने दोनशे तेरा लिहिलं होतं. बिराजदार सर दारात उभे राहून "मॅडम, मुलं लहान आहेत, मॅडम" असं म्हणत होते. लहान म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचे घोडे. हणमंतमामा बेसिनपाशी एक धुतलेलं बीकर पुन्हा पुन्हा धूत होता. मला आमच्या सगळ्यांचीच लाज वाटायला हवी होती, पण मला फक्त त्या दोघांची वाटत होती.

शेवटच्या वहीपाशी बाई थांबल्या.

"ज्ञानोबा टोम्पे कोण?"

तो उभा राहिला.

"तुम्ही मोजलंत."

"हो, मॅडम."

"इथे नव्याण्णव लिहिलं होतं. खोडलंत. हा आकडा बरोबर की चूक, ते मी आत्ता सांगणार नाही. तो तुम्हाला दिसला होता का?"

"दिसला होता."

"मग खोडला का?"

बाईंनी वही मिटली. त्या चिडल्या नव्हत्या. दमल्यासारख्या दिसत होत्या.

"बाकीच्या सतरा जणांनी काही बघितलंच नाही. ते आळशी आहेत, खोटारडे आहेत, त्यांना मी दुपारी माझ्यासमोर पुन्हा करायला लावीन. कदाचित शिकतील. पण ज्याने डोळ्यांनी बघितलं आणि पुसून सोयीचं लिहिलं, त्याला मी औषधाच्या प्रयोगशाळेत पाठवू शकत नाही. त्याच्या हातून माणूस मरेल." मग त्या म्हणाल्या, "कुणी सांगितलं असेल खोडायला, तर नाव लिहून द्या. मग गोष्ट वेगळी. तुम्हीही दुपारी पुन्हा करा."

मला माहीत होतं माझं नाव लिहिलं गेलं तर काय होईल ते. कॉपी केस. दोन परीक्षांना बंदी, पुणे संपलं, आणि नाशिकला आईसमोर उभं राहायचं. टोम्पेलाही हे माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मला आजही वाटतं, नुसतं बघितलं असतं तरी मी बोललो असतो. हेही खोटंच असेल. मी बोलणारा नव्हतोच.

"कुणी न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "माझं मलाच वाटलं, चुकलं म्हणून."

बाईंनी त्याला बाहेर जायला सांगितलं. त्याने पाणी ओतून बर्नरखालची फरशी पुसली, पट्टी-पेन्सिल घेतली आणि गेला. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. तेव्हाही मनात पहिला विचार काय आला? की हा गाढव आहे. बिनडोक, भाबडा, नाव घ्यायचीही अक्कल नसलेला. त्याला तुच्छ मानत राहिलं की मला स्वतःकडे बघावं लागत नव्हतं.

दुपारी दोन वाजता आम्ही सतरा जण बाईंसमोर बसलो. सरांनी कपाट उघडून मोठे थर्मामीटर काढले होते, पण ते लागले नाहीत. माझ्या टेबलावर टोम्पेचं सामान तसंच मांडलेलं होतं, तेल अजून कोमट होतं, आणि त्याने स्वतः ओढलेली, पूड भरून दोऱ्याने बांधलेली एक नळी शिल्लक होती. मी तीच वापरली. पारा चढत गेला. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. नळीतली पूड ओघळली आणि पाण्यासारखी झाली.

ते अँथ्रासीन नव्हतंच. ते फिनॅन्थ्रीन होतं. दोन्हींत तीन-तीन षट्कोन, चौदा कार्बन, दहा हायड्रोजन, पूड दोन्हींची पांढरी. फरक एवढाच, अँथ्रासीनमध्ये तिन्ही खोल्या एका ओळीत, आणि फिनॅन्थ्रीनमध्ये तिसरी खोली कोपऱ्यात वळलेली. तेवढ्याने वितळण्यात शंभरावर अंशांचा फरक पडतो. सकाळी आठ वाजता हणमंतमामा सरांच्या घरी पोहे आणायला गेला तेव्हा बाईंनी त्याने भरलेल्या बाटल्या रिकाम्या करून आपल्या पिशवीतली पूड भरली होती. मामाला पत्ता नव्हता.

"कोणाचे स्फटिक पिवळे आले?" बाईंनी विचारलं. मी हात वर केला. ते टोम्पेनेच केलेले स्फटिक होते, परीक्षानळीत. बाई म्हणाल्या, "नीट केलेत." वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला मिळाले.

मी पुण्याला गेलो. पुढचं सांगण्यात अर्थ नाही, ते कुणाच्याही बायोडेटात असतं तसं आहे. सव्वीस वर्षं झाली. एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलचा प्रमुख आहे. माझ्या सहीशिवाय एक गोळी गेटबाहेर जात नाही. नवी पोरं मला टरकून असतात. नोंद खोडलेली दिसली की मी कारण विचारत नाही, माणूस काढतो, आणि काढताना वाकणकर बाईंचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणतो. "साहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही," असं ती पोरं म्हणतात. मला त्यांचं हसू येतं. पुढाऱ्यांच्या कॉलेजांतून आलेली, दोन वजा करून पास झालेली ही पोरं. मी त्यांना चांगला ओळखतो.

पण त्या दिवसातला शेवटचा तुकडा राहिला, आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

चार वाजता मी फाट्यावर सिगारेट घ्यायला गेलो. टोम्पे तिथे पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. खोली रिकामी करून तो निघाला होता. साडेचारची औसा गाडी. बाकीची पोरं अजून माळावरच होती, त्याला कुणी भेटलेलं नव्हतं. मला बघून तो उठला, जणू मीच त्याला सोडायला आलो होतो.

"झाली का तुमची?" त्याने विचारलं.

"झाली."

"बरं झालं." त्याने खिशातून आगपेटीची ती डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "ह्या नळ्या ऱ्हायल्यात. तुला लागतील. मला आता काय करायच्यात?"

मी डबी घेतली. त्याला काहीतरी विचारायचं होतं, ते मला दिसत होतं. तो रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"चांदोरकर, एकच सांग. माझं काही म्हणणं न्हाई, नापास तर झालोच. पण दुपारी तुम्ही समद्यांनी बघितलं ना? किती आलं खरं? माझं नव्याण्णव बरोबर होतं का?"

गाडीला अजून वीस मिनिटं होती. माळावर बाई अजून वह्या तपासत बसलेल्या. 'हो' म्हटलं असतं तर तो दीड किलोमीटर पळत गेला असता. किंवा नसताही गेला, नुसता गाडीत बसला असता. पण औशाच्या त्या काउंटरमागे जन्मभर उभं राहतानाही त्याला ठाऊक असतं, की अठरा जणांत बघता येणारा तो एकटा होता.

तो जाऊन माझं नाव सांगेल याची एवढी भीती नव्हती मला. खरं सांगायचं तर तो बरोबर होता हेच मला सहन होत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "सरांनी मोठे थर्मामीटर काढले. सगळ्यांचं दोनशे चौदाच आलं. तुझी नजर चुकली."

त्याने मान डोलावली. रडला नाही, चिडला नाही. उलट, एखादा जुना संशय फिटावा तसा तो जरा सैल झाला.

"वाटलंच मला," तो म्हणाला. "तीनदा बघून बी चुकलं, म्हंजे हे काम आपलं न्हाईच. पोरीच्या आईला तसंच सांगतो."

गाडी आली. कंडक्टरने ट्रंक वर घ्यायला लावली. पायरीवर पाय ठेवून तो वळला आणि त्याने माझा हात हातात घेतला.

"तू होतास म्हणून, बाबा," तो म्हणाला. "न्हाईतर मी नव्याण्णवच लिहून बसलो असतो."

"चालायचंच," मी म्हणालो.